शिसपेन्सिलीची झाडं

विठोजीला कुणी चित्रकार म्हटलं की तो चिडायचा. "मी कोरणारा. चित्रं काढणारे वेगळे," असं तोंडावर सांगायचा. आणि खोटं नव्हतं ते. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांनी काढलेली चित्रं लाकडात कोरली. अगरबत्तीच्या खोक्यावरची लक्ष्मी, तांदळाच्या पोत्यावरचा हत्ती, लग्नपत्रिकेवरचा गणपती. बंगळूरच्या चिकपेटेतल्या एका बोळात छापखाना होता, त्याच्या माडीवर खिडकीशी त्याची बैठक. चित्रकार कागद देऊन जायचा. विठोजी ते चित्र फळीवर उतरवायचा आणि रेघेच्या आजूबाजूचं नको ते लाकूड काढून टाकायचा. रेघ तेवढी उभी राहायची. तिच्यावर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून वरून घासला, की झाला छाप.

त्याला हे काम शिकवलं नरसिंहरावांनी. फार कडक माणूस. चित्रकाराचा हात हलला तरी चालतं, कोरणाऱ्याचा हलता कामा नये, हे त्यांनी विठोजीच्या डोक्यात असं बसवलं की ते पुन्हा निघालं नाही. कागदावर रेघ कशीही येऊ दे, लाकडात ती साफच निघाली पाहिजे. विठोजी त्यात इतका तयार झाला की चित्रकार आळशी झाले. कशीतरी रेघ ओढायचे आणि 'विठोजी करतो साफ' म्हणून कॉफीला पळायचे. रेघ साफ करायची ही खोड हळूहळू त्याच्या हाताला लागली ती लागलीच. अंबुबाईनं, म्हणजे बायकोनं, दारात रांगोळी काढली तर हा चप्पल घालता घालता पायाच्या अंगठ्यानं तिची रेघ सरळ करायचा. शिव्या खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा.

पुढं संगणक आले, छापखान्याला कुलूप लागलं, आणि विठोजी आपल्या पटाश्या एका डब्यात घालून बनशंकरीच्या घरी येऊन बसला. या घराण्याचे लोक शहाजीराजांच्या वेळी इकडं आले असं घरात सांगतात. पुरावा मागितला तर राग येतो. घरात मराठी, गेटाबाहेर कन्नड, भांडण पेटलं की दोन्ही. मुलगी एकच, अक्षरा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, नवस-सायास सगळे संपल्यावर झालेली, त्यामुळं जरा जास्तच लाडाची. ती हेब्बाळला एका ऑफिसात होती. मोबाईलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं हे ठरवायचं तिचं काम. एवढ्याशा बटणाचे एवढे पैसे देतात याचं अंबुबाईला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

एका रविवारी अक्षरा बाहेर भटकून आली, चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली की अण्णा, आपण दोघं मिळून झाडांची एक मालिका करू. लाकडाचे छाप. मी काढते, तुम्ही कोरा.

विठोजीचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू. कितीतरी वर्षांनी कुणी त्याला काम दिलं होतं, आणि ते पोटच्या पोरीनं. लागलीच त्यानं झाडं मोजायला घेतली. मार्चातला गुलाबी टॅबेबुया, मग जॅकरांडा, मग गुलमोहर, बंगळूरला काय तोटा आहे. अक्षरा मान हलवत राहिली. फुलं नकोत. पानंही नकोत. तिला फक्त बुंधे पाहिजे होते, आणि त्या बुंध्यांवर माणसांनी टांगलेल्या वस्तू. फुटपाथवरच्या न्हाव्यानं होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, खोडाला लावलेला आरसा. पंक्चरवाल्याच्या ट्यूबा. चांभाराची पिशवी. बुंध्याला सुतळीनं बांधलेली फुलवालीची छत्री. माणूस एकही दाखवायचा नाही. झाडाला पानं असतात हे सगळ्यांना माहीत आहे, खिळे असतात ते कुणी बघत नाही, असं तिचं म्हणणं.

विठोजीला ते मुळीच पटलं नाही. खिळ्याचं चित्र कोण भिंतीवर लावणार? कितीतरी संध्याकाळी दोघांची यावरून जुंपली. कॉफी गार व्हायची. तो एखादं झाड सुचवायचा, ती विचारायची, त्याला काय टांगलंय? काही नाही म्हटलं की झाड बाद. अंबुबाई आधी नुसती ऐकायची, मग तीही त्यात पडली. देवळाजवळच्या रेन ट्रीखालची फुलवाली ही तिचीच सूचना. त्या बाईकडून ती रोज मोगऱ्याचा गजरा घ्यायची आणि रोज तिच्याशी भावावरून हुज्जत घालायची. अखेर नऊ झाडं ठरली. तोवर विठोजीही पुरता नादी लागला होता. बसमधून जाताना खिडकीतून बुंधे बघायचा आणि घरी येऊन सांगायचा, अमक्या चौकात एका झाडाला शर्ट लटकतोय, चालेल काय?

होसकोट्याला त्याच्या ओळखीचा एक लाकूडवाला होता. त्याच्याकडून शिवणीच्या चांगल्या वाळलेल्या फळ्या आणल्या, घासून गुळगुळीत केल्या. अक्षरा कागदावर काढणार नव्हती. कागदावरून फळीवर उतरवताना रेघेतला जीव जातो म्हणायची. फळी कमरेला टेकवून ती भर फुटपाथवर उभी राहायची आणि शिसपेन्सिलीनं सरळ लाकडावरच काढायची. छापात चित्र उलटं येईल, विठोजीनं बजावलं. झाडाला डावं-उजवं नसतं अण्णा, तिनं सांगितलं. लोकांचे धक्के लागायचे, बस जाताना जमीन हादरायची, कुणी मध्येच 'एनम्मा, काय काढतेस' विचारायचं, आणि ते सगळं तिच्या रेघेत उतरायचं. रेघ थरथरायची, थांबायची, पुन्हा निघायची. विठोजीच्या बोटांना ते बघूनच खाज सुटायची.

ते तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं एकच अट घातली. "अण्णा, माझी रेघ सुधारायची नाही. हलते तशी हलू द्या."

"सरी, सरी," विठोजीनं कबूल केलं.

त्यानंही एक अट घातली, आणि त्या अटीबद्दल त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही. नऊच्या नऊ फळ्या काढून झाल्याशिवाय पटाशी लावायची नाही. एका मालिकेचं काम एका दमात, एका धारेनं व्हावं. छापखान्याची पद्धतच ती. अक्षराला पहिला छाप लवकर बघायचा होता. तिनं दोनदा म्हणून बघितलं, मग सोडून दिलं.

सात फळ्या झाल्या होत्या. पावसाळ्यात तिला ताप आला. ऑफिसातून आली ती डोळे दुखतात म्हणत झोपली. डेंग्यू. गुरुवारी दवाखान्यात नेली तेव्हा स्वतःच्या पायांनी रिक्षात बसली होती, आणि रविवारी ती नव्हती. एकोणतीस वय. आता यावर काय लिहायचं. ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याच्यावर नाही आली त्याला सांगून कळत नाही.

नंतर घरात दोन माणसं आणि सात फळ्या राहिल्या. अंबुबाईनं त्या अक्षराच्या खोलीत भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या. पोरीचे कपडे तिनं देऊन टाकले, मोबाईल बंद करून ठेवला, पण फळ्यांना कुणाला हात लावू दिला नाही. विठोजीनं एकदा भीतभीत विचारलं, कोरू का? ती त्याच्याकडं अशी बघत राहिली की त्याची पुन्हा हिंमत झाली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. कोरायचं म्हणजे पेन्सिल जाणार. त्या लाकडावर पोरीच्या हातचं जे होतं ते पटाशीखाली भुगा होऊन पडणार, आणि उरेल त्याला शाई फासणार. माझ्या पोरीच्या हातावर हत्यार चालवायचं नाही. वर पातळ पॉलिशचा हात तरी देऊ म्हटलं, तर तेही नको. तिनं ठेवलं तसं राहू दे.

रोज सकाळी अंघोळ झाली की ती त्या खोलीत जायची. पदरानं फळ्यांवरची धूळ पुसायची. मग बोट ठेवून एकेक रेघ वरून खाली फिरवायची. न्हाव्याचा आरसा, चांभाराची पिशवी, छत्री. कधी कधी तासभर. विठोजी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचा. आत ती बोटानं पोरीशी बोलते आहे, एवढं त्याला कळायचं, आणि आपण तिथं जायचं नाही हेही कळायचं.

वर्ष होत आलं तेव्हा निवेदिता आली. अक्षराच्या ऑफिसातली मैत्रीण, पुण्याची मुलगी. घरी येऊन खूप रडली, मग अंबुबाईनं दिलेली कॉफी घेतली, आणि फळ्या बघायला आत गेली. फुलवालीच्या झाडापुढं ती थांबली. "काकू, इथं छत्री होती ना?" म्हणाली. अंबुबाई म्हणाली, आहे की. निवेदितानं आपला मोबाईल काढला. अक्षरानं काढल्या काढल्या तिला त्या फळीचा फोटो पाठवला होता.

फोटोत छत्री होती. फाटकी, तिरकी, तिची एक काडी बाहेर आलेली. फळीवर त्या जागी राखाडी ढग होता. बुंध्याची डावी बाजूही तशीच. अर्धं झाड पुसून गेलं होतं, आणि ते रोज पुसणाऱ्या बाईला दिसलं नव्हतं, कारण तिच्या बोटाला रेघ तोंडपाठ होती. बाकीच्या फळ्याही कमीजास्त फिकट झाल्या होत्या. निवेदिता बिचारी घाबरली, विषय बदलायला बघू लागली. अंबुबाईनं स्वतःचं बोट उजेडात धरून बघितलं. नंतर दोन दिवस ती त्या खोलीत गेली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनंच न्हाव्याच्या आरशाची फळी आणून विठोजीपुढं ठेवली. ही सगळ्यात ठळक आहे, म्हणाली, ही कोरा, म्हणजे एक तरी राहील. त्यानं डबा काढला. पटाश्यांना धार लावली. शिवणीचं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं. पहिला दिवस तो जीव मुठीत धरून कोरत होता, रेघ जिथं हलली तिथं हलवत होता. काळे डाग असलेल्या चिपा खाली पडायच्या त्या अंबुबाई वेचून स्टीलच्या डब्यात भरायची. दुसऱ्या दिवशी खिडकीतून चांगलं ऊन आलं. साल जमू लागली, आरशाची चौकट उभी राहू लागली. वर्षभरात पहिल्यांदा विठोजीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तो गुणगुणायलासुद्धा लागला. हात आपले आपण चालले होते. मधे जेवायला ऊठ म्हटलं तरी उठला नाही.

छाप काढला तेव्हा संध्याकाळचे दिवे लागायचे होते. रूळ फिरवला, कागद ठेवला, पळीच्या पाठीनं घासला, कोपरा धरून उचलला. काय सुरेख छाप होता. एक डाग नाही, एक रेघ तुटलेली नाही. खोड ऐटीत उभं, आरशाची चौकट काटकोनात. नरसिंहराव असते तर पाठ थोपटली असती. विठोजीनं तो अंबुबाईपुढं धरला.

तिनं पुष्कळ वेळ बघितलं. मग चष्मा काढून बाजूला ठेवला.

"हे तुमचं झाड आहे," ती म्हणाली. "तिचं कुठं गेलं?"

विठोजीनं छाप खिडकीशी नेला. मग फळी नेली. एकेक रेघ बघत गेला. थरथर कुठंच नव्हती. जिथं बस जाताना तिचा हात हादरला होता तिथं रेघ नीट झाली होती. जिथं ती थांबली होती तिथं जोडून घेतलेली होती. त्यानं ठरवून केलं नव्हतं. पोरीला दिलेला शब्द त्याच्या मनात होता, हातानं तो ऐकला नव्हता. आणि हे सगळं तो गुणगुणत करत होता. आपल्याला बरं वाटत होतं तेव्हाच आपण तिला मिटवत होतो, हे त्याला कळलं, आणि तो तिथंच जमिनीवर बसला. तिची पेन्सिल आता डब्यातल्या चिपांवर होती, तुकडे तुकडे झालेली. ती कोण जोडणार.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं राहिलं. दूध आलं काय, गॅस संपला काय. विठोजीनं पटाश्या माळ्यावर टाकल्या. अंबुबाईनं उरलेल्या सहा फळ्या आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि कपाटात ठेवल्या, आता तीही त्यांना शिवत नव्हती. तिचा राग आहे असं विठोजीला वाटायचं. असणारच की. त्याचा स्वतःचाही स्वतःवर होता, दोघांत मिळून तो एकच राग होता बहुतेक. जेवताना तो ताटात बघायचा. कधी बोटांकडं बघायचा आणि ती आपली नाहीत असं वाटायचं.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी अंबुबाईनं फुलवालीची फळी बाहेर आणली. लुगड्याचं टोक सोडवून ती खाटेवर ठेवली, माळ्यावरचा डबा शिडी लावून स्वतः काढला आणि त्याच्यासमोर बसली.

"तुम्ही तिला सरळ केलंत, मी तिला पुसलं," ती म्हणाली. "आता जेवढी उरली आहे तेवढी तरी तिच्यासारखी राहू द्या."

विठोजी नको नको म्हणाला. माझा हात ऐकत नाही, अंबू, तो चांडाळ आहे. तिनं काही ऐकलं नाही. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. वर्षभर त्या रेघेवर तिनं बोट फिरवलं होतं. ती कुठं अडते, कुठं घसरते, कुठं श्वास घेते, हे डोळे मिटून सांगू शकत होती. पटाशी सरळ पळायला लागली की ती मनगट दाबायची. तो थांबायचा. स्वल्प इकडं, ती म्हणायची, इथं ती थबकली होती. तो तिथं थबकायचा. नरसिंहरावांनी मारून मारून घालवलेली थरथर तो त्या म्हातारपणी पुन्हा शिकत होता, आणि शिकवत होती ज्या बाईनं जन्मात पटाशी धरली नव्हती ती. असं काम किती चालणार? दिवसाला चार बोटं व्हायचं. कधी तेवढंही नाही.

उजवी बाजू झाली. डावीकडं राखाडी ढगापाशी विठोजी आला आणि थांबला. निवेदिताकडं फोटो होता. मागवला असता तर मिनिटात आला असता. छत्री त्याला बघायचीही गरज नव्हती, ती काडीसकट त्याच्या डोळ्यांपुढं होती. त्यानं अंबुबाईला विचारलं. तिनं तो निर्णय त्याच्यावर सोडला. विठोजी त्या ढगाकडं बराच वेळ बघत बसला. फोटोवरून काढली असती तर छत्री आली असती, पण ती विठोजीची छत्री असती. नीटनेटकी. त्यानं मोठी पटाशी घेतली आणि तो सगळा भाग खोल काढून टाकला, काहीही न ठेवता. तिथं शाई लागणार नव्हती. त्या वेळी मात्र अंबुबाईनं तोंड फिरवलं.

छाप काढायचा दिवस आला. तिनं कागद धरला, त्यानं घासला. दोघांनी दोन कोपरे धरून तो उचलला.

अर्धंच झाड होतं. एका बाजूनं खोड जमिनीतून वर आलं होतं, खिळ्यापर्यंत, छत्रीची सुतळी जिथून सुटायची तिथपर्यंत. पुढं नुसता पांढरा कागद. पण जे होतं ते हलत होतं. रेघ धक्का खात होती, थांबत होती, पुन्हा निघत होती. बस जात होती, माणसं अंगावरून जात होती, आणि त्या गर्दीत फळी कमरेला टेकवून कुणीतरी उभं होतं. विठोजीनं इतकी वर्षं कोरलं, पण दुसऱ्या कुणाचा हात लाकडातून असा जिवंत आलेला त्यानं कधी बघितला नव्हता. त्याला इतका आनंद झाला की तो छाप तसाच हातात धरून आतल्या खोलीकडं वळला आणि मोठ्यानं हाक मारली.

"अक्षरा, ये गं, बघ. जमलं."

अंबुबाईनं त्याला अडवलं नाही. तीही दाराकडं बघत राहिली. घरात कुकरची शिट्टी झाली, बाहेर भाजीवाला ओरडत गेला, आणि आतून कुणी आलं नाही. मग विठोजीनं कागद खाटेवर ठेवला, काळ्या हातांनी बायकोचा खांदा धरला, आणि दोघं तिथंच बसून मोठमोठ्यानं रडली.